गोव्यातल्या फोंड्याच्या घरात कोरडी हवा : कामाच्या नोंदी

१० मार्च २०२५

काम नक्की झालं. घराच्या मागच्या भागातल्या चार खोल्या, मधला पॅसेज आणि बाथरूम यांना मिळून एकच डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढणारं यंत्र, बसवायचा. पॅसेजच्या छताला टांगायचा आणि डक्टने सगळ्या खोल्यांना कोरडी हवा द्यायची. भर पावसाळ्यात आतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास राहिली पाहिजे. ती ७० च्या वर टिकून राहिली की बुरशीला रान मोकळं होतं, आणि आमच्या पुस्तकांच्या खोलीत जुलैत ती ८५ च्या खाली उतरत नाही.

त्या खोलीत आजोबांच्या वह्या आहेत. नाट्यपदं आणि बंदिशी त्यांनी टाकाने उतरवून घेतलेल्या. शिवाय पोथ्या, दिवाळी अंकांचे गठ्ठे, बाबांची सगळी पुस्तकं. गेल्या पावसात एक वही उघडली तर शिवणीच्या दोऱ्यावर पांढऱ्या तंतूंचा थर होता आणि आतल्या पानावर शाई फुटून अक्षरांना निळी किनार आली होती. या वह्यांची दुसरी प्रत कुठेही नाही. चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) उन्हं दाखवायची आणि पुढच्या वर्षापर्यंत देवावर सोडायचं, हे आता पुरे.

१६ मार्च

आज दिवसभर एकच प्रश्न : हद्द कुठे आखायची?

पुढचा भाग जुना. सोपा (पुढची ओसरी), राजांगण (मधला चौक), देवघर, स्वयंपाकघर. चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) जाड भिंती, वर मंगळुरी कौलं. राजांगण आकाशाला उघडं, कौलांच्या फटींतून गरम हवा सारखी वर निघून जाते. वारा खेळावा म्हणूनच हे घर असं बांधलं आहे. तिथे यंत्र लावणं म्हणजे अख्खा फोंडा तालुका कोरडा करायला घेणं. शिवाय चिरे आणि चुना यांना ओल घेण्याची आणि सोडण्याची सवय असते, त्यांना कोंडून चालत नाही. मागचा भाग बाबांनी १९८६ साली स्लॅब घालून वाढवला. तो बंद करता येतो. म्हणजे पॅसेजचं सागवानी दार हीच हद्द.

आईला हे लगेच पटलं. "माझा सोपा उघडा राहू दे, मग मागे काय ते कर," म्हणाली.

स्वयंपाकघर हद्दीबाहेर ठेवलं ते दोन कारणांनी. गॅस जळायला मोकळी हवा हवी, त्यात तडजोड नाही. आणि गॅस जळताना पाणी तयार होतं : एक किलो एलपीजीमागे साधारण १.६ किलो वाफ. म्हणजे १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत बाविसेक लिटर पाणी हवेत जातं. ते मागच्या खोल्यांत शिरू द्यायचं नाही.

एसी मेकॅनिकचा सल्ला वेगळा होता. प्रत्येक खोलीत एसी घाला आणि ड्राय मोडवर ठेवा. पण एसी खोली थंड करताना पाणी काढतो. खोली हवी तेवढी थंड झाली की कॉम्प्रेसर मंदावतो आणि पाणी काढणंही मंदावतं. जुलैत बाहेर २७ अंश असताना गारव्याची गरजच थोडी असते, कोरडेपणाची मोठी. वर आणखी एक दुखणं आहे, ते आमच्या झोपायच्या खोलीत दोन वर्षं बघतोय. आत एसी २३ वर, बाहेरच्या पॅसेजमध्ये पावसाळी हवा. त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं तो, २५ अंशांच्या वर असतो, त्यामुळे थंड झालेल्या भिंतीला पॅसेजच्या बाजूने घाम फुटतो आणि रंगावर काळे ठिपके उठतात. एक खोली कोरडी करून ओल शेजारी ढकलण्यात अर्थ नाही. हद्दीच्या आतलं सगळं एकत्रच कोरडं व्हायला हवं.

२३ मार्च

आर्द्रतेचे मीटर तपासले. यंत्र घ्यायच्या आधी आकडे खरे आहेत की नाही हे कळायला हवं. बाटलीच्या झाकणात मीठ घेतलं, चमच्याने थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूइतपत केलं. मीठ विरघळू द्यायचं नाही, पाणी वर तरंगू द्यायचं नाही. ते झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवले. अशा बंद पिशवीत हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते, तो मिठाचा गुणधर्मच आहे. सकाळी एका मीटरने ७४ दाखवले, दुसऱ्याने ७९, तिसऱ्याने ७५. प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टी लावून फरक लिहून ठेवला. चार टक्के चुकणारा मीटर यंत्राला रोज तासन्‌तास उगाच चालवू शकतो.

५ एप्रिल

पुस्तकांच्या खोलीची जुन्या घराला लागून असलेली भिंत चिऱ्याची आहे. खालच्या हातभर पट्ट्यात रंग सुटतो, मिठाची पांढरी पूड येते. ही ओल हवेतून येते की जमिनीतून? फूटभर चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवला आणि दोन दिवस ठेवला. कागदाच्या मागे थेंब, पुढची बाजू कोरडी. म्हणजे पाणी भिंतीतून येतंय. तेही एप्रिलमध्ये!

अशा भिंतीसमोर यंत्र लावलं तर ते जमिनीतलं पाणी उपसत बसेल आणि भिंतीतून आणखी मीठ ओढून आणेल. आधी भिंत. बाहेर जाऊन पाहिलं तर तिथे वर्षानुवर्षं माती आणि पाला साठून अंगण आतल्या जमिनीपेक्षा वीतभर उंच झालंय, आणि कौलांच्या पागोळ्या नेमक्या त्या पट्ट्यात पडतात. बाहेरून कधीतरी सिमेंटचा गिलावा केलेला, त्यामुळे ओलीला बाहेर पडायची वाट बंद, ती आत येते.

काम : माती खणून अंगण आतल्या जमिनीच्या खाली नेणं, भिंतीलगत खडीचा चर आणि त्याला विहिरीच्या उलट दिशेने उतार, पागोळ्यांना पन्हळ, आणि खालच्या मीटरभर उंचीत दोन्ही बाजूंनी सिमेंट काढून चुन्याचा गिलावा. गवंडी चुन्याला राजी नव्हता, सिमेंटमध्ये वॉटरप्रूफिंगची पूड घालतो म्हणाला. भिंतीला श्वास घेऊ द्यायचा आहे हे त्याला जुन्या सोप्याची भिंत हात लावून दाखवली तेव्हा पटलं. तीच माती, तोच पाऊस, ती भिंत कोरडी आहे.

१९ एप्रिल

आज यंत्राचा आकार ठरवला. हा हिशेब सविस्तर लिहून ठेवतो, कारण दुकानात कोणीही तो करत नाही. तिथे फक्त चौरस फूट विचारतात.

हद्दीतलं क्षेत्र ९० चौरस मीटर, उंची ३ मीटर, म्हणजे २७० घनमीटर हवा. जुलैतली बाहेरची हवा २७ अंश आणि ९० टक्के धरली तर एका घनमीटरमध्ये साधारण २३ ग्रॅम पाणी. आत २८ अंश आणि ६० टक्के हवं असेल तर साधारण १६ ग्रॅम. बाहेरचा प्रत्येक घनमीटर आत आला की ७ ग्रॅम काढावे लागणार.

आता घरातली सगळी हवा फटींमधून तासाला दोनदा बदलत असेल, आणि सध्या तशीच बदलत असावी, तर दिवसाला ९० लिटर पाणी फक्त फटींतून येतं. तेच तासाला अर्ध्या बदलावर आणलं तर २२ ते २३ लिटर. सगळा खेळ इथे आहे. यंत्र दुप्पट मोठं घेण्यापेक्षा फटी चौथाईवर आणणं स्वस्त, आणि विजेचं बिल दर महिन्याला वाचतं. चार माणसांच्या श्वासाचे आणि घामाचे मिळून चार-पाच लिटर, लादी पुसणं आणि अंघोळ यांचे दोनेक. आत कपडे वाळत घातले तर एका बादलीचे आणखी दोन-तीन, ते मात्र बंद. दोरी सोप्यात. एकूण ३० लिटर.

क्षमतेचा आकडा वाचताना खालची ओळ बघावी लागते. आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांवर लिहिलेले लिटर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेचे असतात. हवा जितकी कोरडी तितकं तेच यंत्र कमी पाणी काढतं. ९० लिटरचं यंत्र ६० टक्क्यांना निम्म्याच्या आसपास येतं. अमेरिकेत घरभराच्या यंत्रांचा आकडा २३ अंश आणि ६० टक्क्यांना मोजतात, त्यामुळे तिथली यंत्रं कागदावर लहान दिसतात. तिथलं मागवायचा विचार सोडला : ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट जुळतात, हर्ट्झ जुळत नाहीत.

९० लिटरचं छतावरचं यंत्र नक्की केलं. कॉइलला, म्हणजे हवेतलं पाणी जिच्यावर जमतं त्या थंड नळ्यांना, गंजरोधक लेप असलेलंच.

३ मे

फटी बुजवणं. या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा दिवस.

सगळ्या खिडक्या बंद केल्या, बाथरूमचा एक्झॉस्ट चालू केला आणि उदबत्ती घेऊन भिंतीभिंतीने फिरलो. पंखा हवा बाहेर फेकतो, तेवढी फटींतून आत येते आणि धूर कुठून वळतो ते दिसतं. दारांखालच्या फटी अपेक्षित होत्या. सरकत्या खिडक्यांच्या मधल्या जोडालाही धूर वळला. पण सर्वांत जोरात तो वळला स्विचबोर्डासमोर. बोर्ड उघडून पाहिला तर वायरिंगचे पाइप थेट जुन्या घराच्या माळ्यावर जाऊन उघडे पडलेले, कौलांखालची दमट हवा त्यांतून सरळ पुस्तकांच्या खोलीत येत होती. दारांवरची जाळीची झडपं तर उघडीच होती.

सुतार मेस्त, इलेक्ट्रिशियन आणि मी. झडपांना काच बसवली, बाहेरच्या दारांना रबरी बीडिंग आणि खाली ब्रशची पट्टी, पाइपांच्या तोंडात लांबी (पुट्टी), एसीच्या पाइपाभोवती फोम, एक्झॉस्टला आपोआप मिटणारी झडप. आतल्या खोल्यांची दारं मात्र खालून दोन सेंटिमीटर कापून घेतली, म्हणजे खोलीत सोडलेली हवा पॅसेजमध्ये परत येऊ शकेल. मेस्ताला हे विचित्र वाटलं, एका दाराची फट बुजवायची आणि दुसऱ्याची वाढवायची! पॅसेजमध्ये नेऊन परतीची हवा यंत्रात ओढणारं ग्रिल कुठे येणार ते दाखवलं, मग त्याने स्वतःच सगळ्या दारांना एक माप धरलं.

१७ मे

यंत्र आलं आणि टांगलं. गाडीत आडवं आलं असेल या शंकेने रात्रभर उभं ठेवलं होतं, कॉम्प्रेसरचं तेल खाली बसायला. स्लॅबला चार अँकर, चार दांडे, प्रत्येकाला रबराची गादी, नाहीतर रात्री स्लॅब घुमत राहतो. फॉल्स सीलिंगवाला फिल्टरसाठी हातभर झाकण देतो म्हणत होता. दोन फूट बाय दोन फुटाचं करून घेतलं. उद्या कॉइल धुवायची, पंखा काढायचा तर माणसाचे खांदे आत गेले पाहिजेत.

२१ मे

कालपासून वळवाचा धो धो पाऊस. बाहेरचं काम बंद. चर मात्र झालेला आहे, आणि पाणी भिंतीपासून दूर वाहताना डोळ्यांनी पाहिलं.

२५ मे

काल मान्सून केरळात आला. दरवर्षी तो १ जूनच्या सुमारास येतो आणि गोव्यात ५ जूनच्या आसपास. यंदा आमच्या हातचे दहाबारा दिवस गेले. चुन्याचा गिलावा अजून ओला आहे, त्याला सावकाश सुकायला हवं. त्या भिंतीला रंग लावणार नाही, दसऱ्यानंतर बघू.

३१ मे

ड्रेन. यंत्राच्या ताटलीतून २५ मिलिमीटरचा पाइप, मीटरमागे एक सेंटिमीटर उतार, आणि यंत्राजवळ पाण्याचा ट्रॅप, म्हणजे पाणी साठून राहणारं वळण. यंत्रातला पंखा हवा ओढतो, ताटलीवर उणा दाब असतो. ट्रॅप नसेल तर पाइपातून हवा वर येते, पाणी ताटलीतच अडून राहतं. प्लंबरला पाइप बाथरूमच्या सांडपाण्याला जोडायचा होता, जवळ पडतो म्हणून. तसं होऊ दिलं नाही. गटारातला गंधकाचा वायू तांब्याच्या कॉइलला खातो. पाइप भिंतीबाहेर नेला आणि मोकळा सोडला, खाली पिंप. यंत्राखाली आणखी एक ताटली आणि तिच्यात फ्लोट स्विच : पाणी तुंबलं तर यंत्र आपलं आपण बंद होईल, पुस्तकांवर गळणार नाही.

विजेची स्वतंत्र लाइन, एमसीबी, अर्थिंग, स्टॅबिलायझर. आर्द्रतेचा सेन्सर पॅसेजमध्ये, छातीच्या उंचीवर, हवा सोडणाऱ्या ग्रिलपासून लांब.

१ जून

सकाळी ९ ला सुरू केलं. पॅसेज ८४, पुस्तकांची खोली ८६, बाहेर ९१.

सेटिंग एकदम ६० ला नेलं नाही. आजोबांची शिसवी पेटी आणि हार्मोनियम याच भागात आहेत. ८५ टक्के हवेत लाकडात वजनाच्या १७-१८ टक्के पाणी असतं, ६० टक्क्यांना ते अकराच्या आसपास येतं. झपाट्याने सुकवलं तर वरचा थर आधी आक्रसतो आणि भेगा पडतात. या आठवड्यात ७५, पुढच्यात ७०, मग ६५, मग ६०.

संध्याकाळी ७७. बाहेरच्या पिंपात पाणी पडतंय, तो आवाज आई सोप्यातून उठून ऐकायला आली. "हे सगळं आपण श्वासात घेत होतो?" म्हणाली.

८ जून

पाणी रोज मोजतोय. पहिल्या दिवसांत ५० लिटरच्या वर होतं, आता चाळिशीत. यात हवेचं कमी, घराचं जास्त. गाद्या, गिलावा, कपाटं, आणि सर्वांत जास्त कागद. पुस्तकं ढोबळमानाने ६०० किलो धरली आणि कागदातलं पाणी वजनाच्या चार टक्क्यांनी उतरलं तरी २४ लिटर होतात. पहिल्या आठवड्यातल्या आकड्यांवरून कोणी यंत्र लहान पडलं असं म्हणू नये.

कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढली. मागची हवा हलली नाही तर खोलीत ६० असताना कपाटामागे ७५ असू शकतात.

२२ जून

६५ वर स्थिर. पाणी ३३ लिटर. दारं बंद असताना दोन खोल्यांत फरक राहत नाही, म्हणजे दारांखालच्या फटी काम करतायत.

एका गोष्टीची तयारी मनात ठेवावी : यंत्राने खोल्या गरम होतात. पाण्याची वाफ झाली तेव्हा जेवढी उष्णता लागली तेवढी ती पाणी होताना परत मिळते, लिटरमागे ०.६८ युनिट विजेइतकी. त्यात यंत्राची स्वतःची वीज. आत २९ अंश, बाहेर २७. पण २९ अंश आणि ६५ टक्क्यांत पंख्याखाली घाम सुकतो, आणि झोप चांगली लागते. एसी लावायची गरज रात्री एखादा तास पडते, तोही लगेच खोली गार करतो, कारण त्याला पाणी काढायचं काम उरलेलं नाही.

६ जुलै, आषाढी

पहाटे लाइट गेली ती दुपारी आली. इन्व्हर्टरवर हे यंत्र चालत नाही, तशी अपेक्षाही नव्हती. सात तासांत आत ६१ वरून ६६. फक्त पाच टक्के. फटी बुजवल्याचं आणि सुकलेल्या कागदाचं हे श्रेय. आधी इथे खिडकी बंद केली तरी तासाभरात आतबाहेर सारखंच होत असे. लाइट आल्यावर यंत्र तीन मिनिटं थांबून सुरू झालं, ती सोय कॉम्प्रेसरसाठी असते.

दुपारी वह्या उघडल्या. शिवणीवरची बुरशी मेलेली नाही, ती कोरडी पडून झोपली आहे. ओलं फडकं लावलं तर पुन्हा उठेल आणि डाग कागदात उतरेल. मास्क लावून, व्हरांड्यात, मऊ ब्रशने एकेक पान बाहेरच्या बाजूला झाडलं. शाई आणखी फुटलेली नाही. आजोबांच्या हाताने ‘राग भूप’ असं लिहिलेलं पान अगदी स्वच्छ निघालं.

१९ जुलै

सकाळी डोकं जड वाटत होतं. कार्बन डायऑक्साइडचा मीटर आणून झोपायच्या खोलीत ठेवला : पहाटे १३५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १३५० भाग). बाहेर ४२० च्या आसपास असतो. फटी बुजवल्या की ताजी हवा मुद्दाम आणावी लागते. यंत्राच्या परतीच्या बाजूला ताज्या हवेचा चार इंची पाइप ठेवलेला होताच, त्याची झडप आता अर्धी उघडली. ती हवा आधी फिल्टरमधून आणि कॉइलवरून जाते, मगच खोलीत येते. आता पहाटे ९०० च्या आत. पाणी चार लिटरने वाढलं, वाढू दे.

घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे : बाहेर गार वाटलं म्हणून खिडकी उघडायची नाही. पावसातल्या गार हवेचा दवबिंदू २५, आतल्या हवेचा १९-२०.

१० ऑगस्ट

६० वर. दिवसाला साधारण १४ युनिट वीज, ३२ लिटर पाणी. पाणी संडासात आणि अंगण धुवायला. ते पिण्याचं नाही, कॉइलवरची धूळ त्यात येते, हे मुलाला दोनदा सांगितलं. हार्मोनियमच्या पट्ट्या अडकत नाहीत. तबल्याची शाई आणि चाट दोन्ही सुरात, श्रावणात हातोडी न घेता बसता आलं.

२४ ऑगस्ट

चवथ तीन दिवसांवर. गणपती आणि त्याच्यावरची माटोळी, म्हणजे टांगलेली फळापानांची आरास, देवघरात, सगळं हद्दीच्या पुढे. पण पाहुण्यांच्या बॅगा, अंघोळी, लहान मुलं मागेच असणार, आणि पॅसेजचं दार दिवसभर उघडंच राहणार. त्या दिवसांत दार बंद ठेवा म्हणून कोणाच्या मागे लागायचं नाही. पुस्तकांच्या खोलीचं दार तेवढं लावून त्याच्या खालच्या फटीला पट्टी घालायची, बाकी सेटिंग ६५.

७ सप्टेंबर

पाहुणे असताना पॅसेज ७२ पर्यंत गेला, पुस्तकांची खोली ६४ च्या वर गेली नाही. दोन दिवसांत सगळं पुन्हा ६० वर.

फिल्टर धुतला, बराच भरला होता. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी धुवायचा. राहिलेली कामं : बाथरूमच्या एक्झॉस्टला टायमर, दसऱ्यानंतर चुन्याच्या भिंतीला चुनाच, आणि सरकत्या खिडक्यांचा मधला जोड, तिथे उदबत्तीचा धूर अजूनही थोडा वळतो. मेस्ताला बोलावलंय.